दोन कागद

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ वाचून दचकू नकोस. मीच लिहितेय, तुझी थोरली जाऊ, आणि मला ताप वगैरे काही आलेला नाही. सहा वर्षांत आपलं बोलणं झालं ते फोनवर, आणि तेही ‘सगळे बरे ना?’, ‘हो, तुमच्याकडे?’ याच्या पुढे कधी सरकलं नाही. हे मला फोनवर जमणारच नाही. मी अर्धं वाक्य बोलेपर्यंत तू ‘असू द्या हो जाऊबाई’ म्हणशील, आणि मी, आहेच मी अशी, तेवढ्यावर सुटून जाईन. कागदाशी बोलताना मध्ये कुणी तोंड घालत नाही, म्हणून कागद घेतलाय. लिहायची सवय मोडलीय. टाके लांब-आखूड पडतील, सांभाळून घे.

आधी बातमी सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल. मामंजींनी बारभाई विकायला काढले. हो, तुझेच बारभाई. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. बाराही हेडांखाली वाकून बघितलं त्यानं, प्रत्येक सुईला बोट लावलं, आणि महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो म्हणाला. मामंजींचं म्हणणं एवढंच, की घरात पंचिंग जाणणारं कुणी उरलं नाही आणि बाहेरून करून आणलेलं डिझाइन या भरतकामाच्या मशीनला कधी मानवलं नाही. दोन्ही खरं आहे. आमच्या यांनी मान डोलावली. पण मला जे लागलं ते मशीनसाठी नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि मशीन दारातून बाहेर गेलं असतं तर ती सांगायची माझ्यावरची सक्तीही त्याबरोबर गेली असती. सांगणार आहे. फक्त मला माझ्या चालीनं येऊ दे.

बारभाई आले तो दिवस आठवतो तुला? तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कारखान्याचं दार चौकटीसकट काढावं लागलं, सहा माणसं ‘हळू, हळू’ करत ओरडत होती, आणि मी माझ्या पायमशीनवर बसून वाकड्या तोंडानं बघत होते. बारा हेडं एका ओळीत, प्रत्येकावर नऊ-नऊ रिळं, आणि सगळ्यांना हलवणारी खाली एकच लांबलचक फ्रेम. एका हेडाचा धागा तुटला की बाकीच्या अकरांनी हात जोडून उभं राहायचं. मी म्हटलं, झालं, हा बारभाईचा कारभार! सगळे हसले, तू सर्वात जास्त, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मला खरं तर त्याचा राग होता. अठरा वर्षं मी त्या खोलीत भरतकाम केलेलं. कापड रिंगमध्ये ताणायचं, सुईजवळचा दाबाचा पाय काढून टाकायचा, आणि दोन्ही हातांनी कापडच सुईखाली फिरवायचं. पेन्सिलीची रेघ न मारता मी गुलाब काढायचे. लोक बघायला थांबायचे. आणि आता हे एक लोखंडी धूड माझ्या खिडकीचा उजेड अडवून बसणार, आणि बारा गुलाब एकदम काढणार, तेही न थकता. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं काय.

मशीनबरोबर शिकवायला जो माणूस आला होता तो तीन दिवसांत गाशा गुंडाळून गेला. भावजींनी वही भरून टिपणं घेतली आणि चौथ्या दिवशी त्यांना त्यातलं अक्षर लागेना. तू मात्र कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होतीस. मला वाटलं, नवी नवरी आहे, मशीनला भिऊन उभी आहे. आठव्या दिवशी तू संगणकापुढे बसलीस आणि मामंजींचा चष्मा चित्रात मांडून बाराही हेडांवर काढलास. बारा चष्मे! एकाची काडी थोडी वाकडी, कारण त्यांची होतीच वाकडी. मामंजी हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. बाहेरच्या माणसाला मी अजून सांगते, पंचिंग म्हणजे चित्र काढणं नव्हे. सुई पहिल्यांदा कुठे पडेल, तिथून कुठे जाईल, आडवी जाईल की तिरकी, कुठे दाट आणि कुठे विरळ, हे सगळं टाका-टाका करून मशीनला आधी सांगून ठेवायचं. एका खिशावरच्या चित्रात नऊ-दहा हजार टाके, आणि तुला त्यातला प्रत्येक ठाऊक असायचा. मी तोंडावर कधी बोलले नाही. आज बोलते, तू अफाट होतीस.

आणि तो गोलाचा दिवस. हा मी कुणालाच सांगितलेला नाही. तुझे गोल तेव्हा गोल येत नव्हते. पडद्यावर चांगला बांगडीसारखा वाटोळा, आणि कापडावर बघावं तर दोन्ही बाजूंनी चेपलेला. तू चार दिवस त्यापायी धड जेवली नाहीस. मग एका दुपारी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, जाऊबाई, एक गोल भरून दाखवा ना. मला काय, मी ऐटीत भरला. तू म्हणालीस, अजून एक. मी सात गोल भरले, आणि तू गोलाकडे बघतच नव्हतीस, माझ्या मनगटाकडे बघत होतीस. सातव्याला तू हळूच म्हणालीस, की आडवा टाका घेताना तुम्ही दर वेळी रेघेच्या जरा पुढे जाता आणि मग कापड आपोआप मागे येतं. मी म्हटलं, काहीतरीच काय! मी बरोबर रेघेवरच थांबते. मग तू मला माझाच हात दाखवलास, आणि खरंच गं, मी पुढे जात होते. दोन सुतांइतकी, दर वेळी. टाका कापडाला ओढून घेतो, म्हणून तेवढं जास्त द्यायचं, हे माझ्या हाताला अठरा वर्षं ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू पडद्यावर गोल काढलास तो आडवा फुगवून, बेढब, लाडवावर कुणी बसल्यासारखा, आणि कापडावर उतरला तो असा वाटोळा की मामंजींनी वाटी पालथी घालून बघितली. तू सगळ्यांना सांगितलंस, हे जाऊबाईंनी शिकवलं. मी काही शिकवलं नव्हतं. तू माझ्या हातातून ते उचललंस, आणि श्रेय परत माझ्याच ओंजळीत टाकलंस. जावा जावा आणि उभा दावा म्हणणाऱ्यांना आपल्या घरात आणून बसवायला हवं होतं. त्या दोन वर्षांत तरी.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. मी तुझ्या कारखान्यात येऊन गेले. थांब, चिडू नकोस. आपले धागेवाले काका तुमच्या गालिच्याच्या कारखान्यालाही माल देतात, ते म्हणाले, चला, उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम हवंय त्यांना, बोलून बघा. मी निघाले तेव्हा मनाशी म्हणत होते, मी कामासाठी चाललेय. खोटं होतं ते. तिथल्या साहेबानं आम्हाला वरच्या काचेच्या सज्जातून तुमचं ते टफ्टिंगचं मशीन दाखवलं, आणि माझे हात कठड्यावरच राहिले. अगं, खोलीएवढं रुंद कापड, आणि त्यावर एका दांड्याला हजाराच्या वर सुया, एकदम खाली, एकदम वर. मागे मांडणीवर सुताचे कोन किती ते मोजता येईनात, प्रत्येकाचा धागा आपापल्या बारीक नळीतून येणारा. साहेब सांगत होता, की सुई धागा कापडातून खाली ढकलते, खाली एक आकडा तो धरून ठेवतो, सुई वर जाते आणि धाग्याचा वेढा खाली राहतो. असे लाखो वेढे झाले की गालिचा. म्हणजे गालिच्याचं तोंड खाली, आणि मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला दिवसभर दिसते ती त्याची पाठ. मी बारभाईंना धूड म्हणायचे. हे बघून मला माझी लाज वाटली आणि खूप आनंदही झाला, आपल्याच धंद्याचा कुणी एवढा मोठा नातेवाईक निघावा तसा.

तेवढ्यात तू आलीस. निळा कोट, केस वर बांधलेले, जरा भरलीस, चांगली दिसतेस. मशीन चालू होतं. तू चालता चालता त्या सरकत्या कापडावर तळहात ठेवलास, नुसता ठेवलास, कुणाशी तरी बोलत होतीस, बघतही नव्हतीस तिकडे. आणि एकदम दुसरा हात वर केलास. मशीन थांबलं. चार माणसं धावली. हजार धाग्यांतला एक तुटला होता, एका सुईची ओळ रिकामी जात होती, आणि ती तुला हाताला लागली होती. मग तू खाली बसलीस, कड उलटी करून वेढे बघितलेस, एका मुलीला हातात धरायचं पिस्तुलासारखं टफ्टिंगचं यंत्र देऊन ओळ भरायला लावलीस, आणि तिनं भरेपर्यंत शेजारी थांबलीस, ओरडली नाहीस. साहेब म्हणाला, या आमच्या बाई, यांचा हात म्हणजे आमचं तपासणी खातं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की ती आमची आहे, आमची धाकटी! तोंडापर्यंत आलं होतं. पण कड उलटी करून बघणारा तुझा तो हात मी आधी एकदा बघितला होता, आणि तो आठवला तशी मी कठड्यापासून मागे सरले. मी काकांना म्हटलं, डोकं दुखतंय, चला. तुला न भेटता आले.

येताना गाडीत भावजींना फोन लावला, सहज, आवाज ऐकायला. तुमच्याकडे येऊन परत चाललेय हे सांगितलं नाही. तुझं कौतुक केलं, की ती फार मोठी झाली म्हणे तिकडे. ते हसून म्हणाले, ‘हो ना वहिनी, आता चुका करत नाही ती.’ प्रेमानं म्हणाले बिचारे. मला कुणी सुई टोचावी तसं झालं. म्हणजे तू त्यांनाही सांगितलं नाहीस. सहा वर्षं, एका घरात, एका ताटाशेजारी बसून, नाहीच सांगितलंस.

तर आता घड्याळाच्या ऑर्डरीवर येते. आणखी कुठे पळायला जागा उरली नाही. तीनशे साठ खिसे, एका घड्याळाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या शर्टांचे, आणि प्रत्येकावर घड्याळाची तबकडी, बारा खुणा, दोन काटे. तुझा नमुना बघायला त्यांचा माणूस आला होता, त्यानं खिशातून खरी तबकडी काढून भरतकामावर ठेवली, आणि कडेला कड जुळली. दुसऱ्या दिवशी तू तापानं आडवी झालीस. वरच्या खोलीतून तू निरोप पाठवत होतीस, थांबा, मी दोन दिवसांत उतरते. आणि मी म्हटलं, बटण तर दाबायचंय, त्यात काय मोठं! मशीनला तू पुठ्ठ्याची चिठ्ठी टांगून ठेवली होतीस, तुझ्या बारीक अक्षरात: कागद दोन. कापडाखाली लावायचा कागद, म्हणजे ते ताणात हलत नाही. मला त्या कागदाचं हसूच यायचं. आमच्या काळी रिंग ताणली की झालं, कागद फक्त पत्र लिहायला लागायचा, असं मी कारखान्यातल्या पोरींना सांगितलंदेखील. आणि मी एक लावला. कागद संपला नव्हता, घाई नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. फक्त तुझ्या चिठ्ठीपेक्षा मला जास्त कळतं, हे मला स्वतःला दाखवायचं होतं. तीस वेळा फ्रेम लावली आणि तीसही वेळा एकच कागद लावला. फ्रेममध्ये ताणलेलं होतं तोवर घड्याळं अशी सुरेख दिसत होती, की मी बारभाईंच्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी खिसे सोडवले, टाक्यांबाहेरचा कागद फाडून काढला, इस्त्री फिरवली, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकेक घड्याळ आक्रसून उभं अंडं झालं.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मी ते कधी कुणापुढे उच्चारलेलं नाही. सकाळ होती. लांब टेबलावर खिसे पसरलेले. त्यांचा माणूस ‘तुमचं काम यापुढे नको’ म्हणून नुकताच जिना उतरला होता. मामंजी म्हणाले, अंड्यांना काटे लावलेत, आणि कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, कुणाचं चुकलं? तू शाल लपेटून जिन्यावरून आलेली, तोंड उतरलेलं. तू एक खिसा उचललास. उलटा केलास. टाक्यांच्या कडेला नख लावलंस. टाक्यांखालचा कागद फाटून निघत नाही, तो जन्मभर तिथेच राहतो, हे आपल्या दोघींनाच माहीत. तू मोजलास. एकच. मग तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी टेबलाच्या पायाकडे. तू तो खिसा सुलटा केलास, टेबलावर ठेवलास, त्याचा दुमडलेला कोपरा तळहातानं सारखा केलास, आणि म्हणालीस, ‘माझं पंचिंग चुकलं.’ हे म्हणाले, अगं, पण नमुना तर बरोबर होता. तू म्हणालीस, नमुन्यानंतर मी एक बदल केला. तेही खोटं, माझ्यासाठी. आणि मग भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘जमत नव्हतं तर आधी सांगायचं होतंस.’ तू मान खाली घातलीस. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी नाही उघडलं.

तू असं का केलंस, हे मला कळायला आठवडा लागला, इतकी मी मंद. पुढच्या सोमवारी मामंजींनी कारखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्याच्या आधी दहा-बारा दिवस, चहा पिता पिता, मीच तुझ्यापाशी रडले होते, की वीस वर्षं होत आली आणि या घरातलं एक कुलूप माझ्या हातानं उघडलं नाही, आता मामंजी किल्ल्या देतो म्हणालेत, देतील ना गं? तू ते लक्षात ठेवलंस. अंगात ताप असताना, तीनशे साठ अंडी समोर असताना, तुला माझ्या किल्ल्या आठवल्या. आणि मी त्या घेतल्या. मामंजींनी तुला पंचिंगवरून उठवून धागे कापायला बसवलं, तेही मी बघितलं. चार महिने तू त्या बुटक्या स्टुलावर लहान कात्री घेऊन बसलीस. आणि काम कसं, तर तुझ्या हाताखालून गेलेल्या एका नगाला धाग्याचं शेपूट म्हणून राहिलं नाही. मी शेजारून जायचे तेव्हा किल्ल्या वाजायच्या. शेवटी मी त्या रुमालात बांधून ठेवायला लागले.

मग भावजींना दुसरीकडे काम लागलं आणि तुम्ही निघालात. सामान गाडीत चढलं होतं. तू परत आत आलीस, मला वाटलं काही विसरलीस. दारात उभी राहून म्हणालीस, ‘दोन कागद लावत जा, जाऊबाई.’ आवाजात टोमणा नाही, काही नाही. ‘बाहेर पडताना गॅस बंद करा’ असं सांगतात ना, तेवढंच. तेव्हापासून मी दोन लावते. गोणपाटावर काम आलं तरी दोन लावते. पोरी मला हसतात.

ती अंडी मामंजींनी कापून मशीन पुसायला दिली. दोन वर्षं आम्ही तेल घड्याळांनी पुसत होतो. एक मात्र मी काढून ठेवलं, पायमशीनच्या खणात, जुन्या सुयांच्या डबीखाली. का ठेवलं ते मलाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक मशीन बघून गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाला सगळे टेबलाशी बसले होते तेव्हा, मी रुमाल सोडला, किल्ल्या मामंजींपुढे ठेवल्या, आणि त्यांच्याशेजारी तो खिसा ठेवला. मी म्हटलं, उलटा करून बघा. त्यांनी भिंग मागवलं. नखानं कड उचलली. उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, ‘एकच आहे.’ मी म्हटलं, मी लावला होता. मग सगळं सांगितलं, तुझ्या चिठ्ठीपासून किल्ल्यांपर्यंत. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खिशाकडे बघत म्हणाले, ‘त्या पोरीला मी धागे कापायला बसवलं.’ आणि उठले, काठी घेतली, आणि बारभाईंवरची चादर स्वतः ओढून काढली. चहा तसाच गार झाला.

आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, नमुना बरोबर होता हे मला दिसत होतं, मी पुढे विचारायला हवं होतं. सासूबाईंचं तर तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, तू किल्ल्या रुमालात बांधायला लागलीस तेव्हाच मी समजले, की हिच्या मनात काहीतरी खुपतंय. सहा वर्षं समजून बसल्या होत्या आणि एक शब्द नाही! मामंजींनी गिऱ्हाइकाला कळवलंय, थांबा म्हणून. बारभाई ठेवायचे की द्यायचे हे धाकटी सांगेल, असा त्यांचा निरोप आहे, आणि हा निरोप त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. किल्ल्या त्यांनी उचलल्या नाहीत आणि मला परतही केल्या नाहीत. त्या टेबलावरच असतात. ज्याला कुलूप उघडायचं तो उचलतो आणि काम झालं की जागेवर ठेवतो. तसंच चाललंय, आणि चाललंय बरं.

तू ये, असं मी म्हणत नाही. हजार सुया तुझ्या तळहाताचं ऐकतात तिथे, बारा सुयांसाठी कशाला येशील? तिथे बसूनही आमची डिझाइनं करून पाठवता येतील म्हणतात, ते तुझं तू बघ. बारभाई विकून टाका म्हणालीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही. पण हे पत्र मी बारभाईंसाठी लिहिलेलं नाही, ते उद्या विकले गेले तरी पत्र पाठवणारच आहे, आणि क्षमेसाठीही नाही, ती मागायला मी समोर येईन. पत्र लिहिलंय ते भावजींच्या त्या सकाळच्या एका वाक्यासाठी. मामंजी त्यांना फोन करायला निघाले होते, मीच हात धरला. म्हटलं, हे त्यांना फोनवर ऐकवायचं नाही, आणि माझ्या तोंडून तर नाहीच. ते त्यांना त्यांच्या बायकोच्या हातून कळायला हवं, जिला ते सगळ्यांदेखत बोलले. म्हणून तो खिसा या पाकिटात घातलाय. कड नखानं थोडी उचलून ठेवलीय, म्हणजे कागद लगेच दिसेल. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या हातात दे. उलटा दे. आणि धाकटे, या वेळी तो परत सुलटा करून ठेवू नकोस.

तुझीच,
सात गोल भरून दाखवणारी,
थोरली जाऊ